‘घराणे कुठले?’ असे विचारले तेव्हा

रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आमच्याकडे त्या वेळेला फोन वाजला की छातीत धस्स होते, कारण बातमी बहुधा मयताचीच असते. फोन इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमहून होता. आमच्या ताईच्या थोरल्या लेकीचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. ऑक्टोबर २०२४ ची ही गोष्ट. लग्न करून नवऱ्याबरोबर तिकडे गेल्याला तिला सहा महिने झाले होते आणि नुकतेच दिवस गेले होते. नववा आठवडा चालू होता.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं होतं, तिकडं कुणी जात विचारत नाही म्हणून. इथं दवाखान्याच्या कागदावर विचारली आहे."

आम्ही अंथरुणात उठून बसलो. नागपूरच्या विमानतळावर तिच्या डोक्यावर हात ठेवून आम्हीच तिला म्हटले होते की, बाई, आता आडनाव ऐकून कपाळाला आठी घालणारी माणसे मागे राहिली. आम्ही म्हटले, काय लिहिले आहे ते एकेक शब्द वाचून दाखव.

तिने वाचले. तुमचे घराणे मूळचे कुठले? बाळाच्या वडिलांचे घराणे मूळचे कुठले? आईकडून कुठले, वडिलांकडून कुठले, दोन पिढ्या किंवा त्याही मागे जाऊन सांगा. आणि खाली चौकटीच चौकटी. आफ्रिका, कॅरिबियन बेटे, भारत, पाकिस्तान, चीन, ग्रीस, इटली, तुर्कस्तान, इंग्लंड. ज्यात बसत असाल तिथे खूण करा.

"आधी घराणं विचारतील, मग गाव, मग आडनाव," ती म्हणाली. "आपल्याकडं असंच तर विचारतात. मी कागद कोराच ठेवला आहे."

वाचकहो, यात हसण्यासारखे काही नाही. खोली भाड्याने घेताना, शाळेत नाव घालताना, नोकरीच्या मुलाखतीत ‘मूळ गाव कोणतं?’ या गोड प्रश्नाच्या पोटात काय असते ते आपल्या घरातल्या दहा वर्षांच्या पोरालाही कळते. आम्ही तिला एवढेच म्हटले की, कोरा ठेवू नकोस, पण उद्या ज्या बाई तपासतील त्यांना विचार की हे कशाला हवे. विचारायला घाबरू नकोस.

दुसऱ्या दिवशी तिने विचारले. उत्तर आले ते असे की, हे रक्तासाठी आहे.

इंग्लंडात प्रत्येक गरोदर बाईला सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या दोन आनुवंशिक आजारांची तपासणी देऊ केली जाते, आणि तीही दहा आठवड्यांच्या आत व्हावी असा त्यांचा प्रयत्न असतो. थॅलेसेमियाची चाचणी सगळ्यांना देतात. सिकलसेलची चाचणी जिथे हा आजार जास्त आढळतो त्या भागांत सरसकट देतात, बाकीच्या भागांत हा कागद पाहून देतात. ज्या देशांत हिवताप फार होता तिथल्या लोकांच्या रक्तात हे दोष जास्त सापडतात, म्हणून चौकटींत आफ्रिकेच्या शेजारी ग्रीस आणि इटलीही आहे. तिथे त्या गोऱ्या इटालियन बाईलाही तेच विचारतात जे आमच्या भाचीला विचारले. हे ऐकून तिचा जीव भांड्यात पडला. कागद भरला, रक्त दिले, आणि घरी येऊन तिने आम्हाला कळवले की, मामा, जात नव्हती.

पण गोष्ट इथे संपली नाही. ती इथूनच सुरू झाली.

मधल्या काळात तिथली रीत कशी आहे ते सांगितले पाहिजे, कारण आता आपल्याही घरातल्या मुली परदेशी जाऊ लागल्या आहेत आणि आई जवळ नसताना बाळंतपण निभावू लागल्या आहेत. तिथे साध्या बाळंतपणात डॉक्टर फारसा दिसतच नाही. सगळे मिडवाइफ पाहते. मिडवाइफ म्हणजे आपली सुईणच, पण पदवी घेतलेली, नोंदणी केलेली. तिच्या शब्दाला मान असतो. पहिलटकरणीला सगळे नीट असेल तर साधारण दहा भेटी, दुसऱ्या खेपेला सात. सोनोग्राफी दोनदाच, एक अकरा ते चौदा आठवड्यांत आणि दुसरी विसाव्या आठवड्याच्या सुमारास. भाचीला पहिल्यांदा वाटले, आपण परके म्हणून आपल्याकडे लक्ष देत नाहीत. इकडे तिच्या मैत्रिणींची दर महिन्याला सोनोग्राफी होत होती. ताई तर म्हणाली, इतका श्रीमंत देश आणि डॉक्टर साधा हातसुद्धा लावत नाही. पण तिथल्या इंग्रज बाईचीही हीच रीत आहे. लागले तरच डॉक्टर.

पहिल्या भेटीत उंची, वजन, रक्तदाब, लघवी, रक्त. रक्तात एचआयव्ही, कावीळ ब आणि गरमी या तपासण्याही विचारून करतात, सगळ्यांच्याच. मग प्रश्न. जावईबापू शेजारी बसून तिच्या वतीने भराभर उत्तरे देत होते, कारण त्यांचे इंग्रजी चांगले. मिडवाइफबाईने थोडा वेळ ऐकून घेतले आणि मग त्यांना गोड शब्दांत बाहेर बसायला सांगितले. भाचीला विचारले, घरी कोणती भाषा बोलता? मराठी म्हटल्यावर फोन लावला, आणि फोनवर एक बाई मराठीत बोलू लागली! पुण्याकडची असावी, कारण ‘मासिक पाळी’, ‘गर्भधारणा’ असे छापील बोलत होती. दुभाषी मागण्याचा तिथे हक्क आहे, त्याचे पैसे पडत नाहीत, आणि नवऱ्याला किंवा सासूला दुभाषी करू नये असा त्यांचा दंडक आहे. त्याचे कारण पुढच्याच प्रश्नात कळले. नवरा मारतो का, घरात भीती वाटते का, मन खचलेले असते का, हे त्यांनी एकटीलाच विचारले. आमची भाची म्हणाली, मामा, नाहीच म्हणायचं होतं मला, खरंच काही नाही, पण असं विचारलेलं बरं वाटलं. आपल्याकडच्या कितीतरी लेकींना हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

पैशांचे म्हणाल तर हे सगळे फुकट दिसते, पण फुकट नाही. व्हिसा काढतानाच आरोग्याचा आकार आगाऊ भरून घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड झाला. दोघांचे तीन वर्षांचे मिळून ६,२१० पौंड, म्हणजे आपले सहा लाखांच्या वर. व्याह्यांनी त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले होते. एकदा तो भरला की तपासणी, बाळंतपण, रात्रीबेरात्रीचे धावणे, कशाचेही बिल येत नाही. इंग्लंडात गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभर डॉक्टरने लिहून दिलेली औषधेही मोफत असतात, फक्त त्याचा दाखला मिडवाइफकडून किंवा दवाखान्यातून मागून घ्यावा लागतो. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला मात्र पैसे पडतात, तेही ठरलेल्या दराच्या दीडपट. तरीसुद्धा पैसे नाहीत म्हणून बाळंतिणीला परत पाठवायचे नाही किंवा ताटकळत ठेवायचे नाही असा नियम आहे. आईच्या विश्रांतीत देशाचे हित आहे, तेव्हा त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, असे बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते, ते गिरणीतल्या बायांसाठी. बाळंतपणाआधीच्या दिवसांचाही त्यांनी त्यात विचार केला होता. असो.

आठवड्याच्या आत निकाल आला. आमची भाची सिकलसेल वाहक निघाली.

विदर्भातल्या वाचकांना हा शब्द नवा नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या होतात. सिकल म्हणजे विळाच. त्या बारीक नसांत अडकतात. मग हातपाय, पाठ, छाती असह्य दुखते, रक्त कमी होते, डोळे पिवळे होतात, पानथरी वाढते. अमेरिकेतल्या शिकागोत १९१० साली हेरिक नावाच्या डॉक्टरने या वाकड्या पेशींचे वर्णन पहिल्यांदा छापले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत हा आजार पहिल्यांदा आढळला. पुढच्या पाहण्यांत विदर्भातल्या आदिवासींबरोबर आपल्या समाजातही आणि शेजारच्या इतर समाजांतही तो असल्याचे दिसले. तो शिवाशिवीने होत नाही, पाण्याने होत नाही, पापाने तर नाहीच. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले तरच माणूस रुग्ण होतो. एकच आला तर तो वाहक. वाहकाला एरवी काही होत नाही. त्याला औषध लागत नाही, काम करता येते, मुले होतात. फक्त दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता रुग्ण मुलाची, चारात दोन वाहक मुलाची आणि चारात एक अगदी निर्दोष मुलाची. ‘पहिले मूल चांगले झाले, आता दुसऱ्याला भीती नाही’ हा हिशेब इथे चालत नाही. दर खेपेला फासा नव्याने पडतो.

म्हणून तिथे आई वाहक निघाली की लगेच बापाला बोलावतात. भाचीने इकडे फोन केला तेव्हा ताई रडू लागली. विहीणबाई म्हणाल्या, आमच्या घराण्यात असलं काही नाही, आमचा मुलगा धडधाकट आहे. चार दिवसांनी जावईबापूंचाही निकाल आला. तेही वाहक. त्यावर विहीणबाईंचे म्हणणे पडले की, तिकडच्या थंड हवेनं झालं असेल.

आता आम्हाला जे लिहायचे आहे ते लिहायला जड जाते.

आमचा एक धाकटा भाऊ होता. लहानपणापासून त्याचे सांधे धरायचे. पावसाळ्यात तर रात्र रात्र ओरडायचा. घरात त्याला ‘वात’ म्हणत. आईने उमरेडच्या बाजूच्या एका बाबाकडून त्याच्या दंडात गंडा बांधला होता, वडिलांना न सांगता. एकोणीस वर्षांचा होऊन तो गेला. पुढे कितीतरी वर्षांनी वस्तीत रक्ततपासणीचे शिबिर झाले, त्यात आम्ही बोट पुढे केले आणि आम्ही वाहक निघालो. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, घरात कुणी सांधेदुखीने लहान वयात गेले का? त्या क्षणी आम्हाला ‘वात’ म्हणजे काय होता ते कळले. आईवडील दोघेही वाहक असणार. म्हणजे आमच्या पाठच्या आणि पुढच्या भावंडांपैकी जे रुग्ण नाहीत त्यांच्यातला प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. डॉक्टरांनी हे कागदावर काढून दाखवले आणि म्हणाले, बहिणीला सांगा.

आम्ही सांगितले नाही. ताईला तेव्हा दोन मुली होत्या. लग्नात मोडता येईल, लोक ‘त्यांच्या रक्तात आहे’ म्हणतील, या भीतीने तो कागद आम्ही ट्रंकेत ठेवला. भाचीचे लग्न ठरले तेव्हा बैठकीत आम्हीच मधोमध बसलो होतो. मुलाचे शिक्षण विचारले, पगार विचारला, घर स्वतःचे की भाड्याचे तेही विचारले. रक्त विचारले नाही आणि सांगितले नाही. जात पाहणाऱ्यांना आम्ही आयुष्यभर नावे ठेवली, आणि सोयरीक मात्र आजोबांच्या ओळखीतल्या त्याच चार-पाच गावांतून शोधत राहिलो. तीच तीच गावे, तेच तेच रक्त, मग वाहकाला वाहक भेटणारच की!

भाचीचा फोन आला त्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही ताईला घेऊन कामठीला विहीणबाईंकडे गेलो. ट्रंकेतला कागद बरोबर नेला. चहा होईपर्यंत कुणी काही बोलले नाही. मग आम्ही भावाची गोष्ट सांगितली. ताई आमच्याकडे बघतच राहिली. तिला हे तिथे, परक्या घरात, पहिल्यांदा कळत होते. परत येताना बसमध्ये ती आमच्याशी बोलली नाही, आणि पुढे महिनाभर बोलली नाही. तिचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही.

विहीणबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग उठून आतल्या खोलीत गेल्या आणि एक जुना फोटो घेऊन आल्या. परकर-पोलक्यातली मुलगी. "माझी नणंद," त्या म्हणाल्या. "हिचे डोळे नेहमी पिवळे राहत. सातवीत असताना गेली. मला या घरात आल्यावर सासूनं सांगितलं होतं, हिचं नाव पाहुण्यांसमोर काढायचं नाही."

दोन घरे, दोन फोटो, आणि लग्नाच्या बैठकीत दोन्ही बाजूंनी हसतमुखाने पान-सुपारी.

तिकडे बर्मिंगहॅमला त्या दोघांना एका समुपदेशक बाईने बोलावले. चारांचा हिशेब चित्र काढून समजावला. पुढचे मार्ग सांगितले. आता काहीच तपासायचे नसेल तर नका तपासू, बाळ जन्मल्यावर पाचव्या दिवशी टाचेतून थेंबभर रक्त घेतात, त्यात सिकलसेलही पाहतात. आताच कळायला हवे असेल तर अकरा ते चौदा आठवड्यांत वारेचा कण किंवा पंधरा आठवड्यांनंतर गर्भजल सुईने काढून तपासता येते, त्यात गर्भपाताचा थोडा धोका असतो. दहा आठवड्यांच्या आत रक्त का घेतात ते इथे ध्यानात येते. उशिरा गेलेल्या बाईला विचार करायलाही वेळ उरत नाही. आणि त्या बाईने आणखी एक सांगितले. तुम्ही काहीही ठरवा, तुमची देखभाल कमी होणार नाही, आणि ठरवायचे तुम्ही दोघांनी.

हे शेवटचे वाक्य इकडे कुणाला पटले नाही. कामठीहून रोज फोन. नागपूरहून रोज फोन. एकजण म्हणे पाडून टाका, दुसरा म्हणे इकडे निघून या, तिसरा एका बाबाचे नाव सांगू लागला. शेवटी भाचीने आठ दिवस फोनच उचलला नाही. जावईबापूंचा एवढाच निरोप आला की, आम्ही ठरवलं आहे, काळजी नसावी. काय ठरवले ते आम्हाला पुढे कळले, पण इथे छापणार नाही. ते सांगायचा हक्क त्यांचा.

तिथे सगळे सोन्याचे आहे असा कुणी समज करून घेऊ नये. त्यांच्याच देशाचा २०२० ते २०२२ या तीन वर्षांचा अहवाल सांगतो की, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत दगावणाऱ्या बायांचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा आशियाई बायांत जवळपास दुप्पट आणि काळ्या बायांत जवळपास तिप्पट होते. कारणे अनेक आहेत, पण त्यात ‘आमचे ऐकून घेतले नाही’ ही तक्रार अनेक काळ्या आणि आशियाई बायांची आहे. आपल्या मुलींचा दुसरा दोष असा की त्या सांगतच नाहीत. एवढ्यासाठी कशाला त्रास द्यायचा, असे त्यांना वाटते.

चौतिसाव्या आठवड्यात भाचीला एका रात्री बाळाची हालचाल मंदावल्यासारखी वाटली. तिने ताईला फोन केला. ताई म्हणाली, शेवटी शेवटी जागा पुरत नाही, बाळ कमीच हलतं, झोप तू. आपल्याकडे सगळ्या आया हेच सांगतात आणि प्रेमाने सांगतात. पण हे खरे नाही. शेवटपर्यंत बाळ हलत राहिले पाहिजे. हालचाल कमी झाली किंवा नेहमीपेक्षा वेगळी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी दवाखान्याला कळवा, असे तिथे पहिल्यापासून बजावून सांगतात. भाचीने आईचे ऐकले नाही. रात्री दोनला प्रसूतिगृहाचा नंबर फिरवला. "त्रास देते, माफ करा," असे म्हणून सुरुवात केली, तर पलीकडची बाई म्हणाली, माफी कसली मागता, लगेच निघा. तासभर पोटाला पट्टा लावून बाळाचे ठोके पाहिले. ठीक होते. घरी जाताना सांगितले, पुन्हा वाटले तर पुन्हा या, दहादा या.

पुढच्या गोष्टी भराभर सांगतो. भारतीय वंशाच्या बाईला गरोदरपणातला मधुमेह जास्त होतो म्हणून चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात ग्लुकोजचे गोड पाणी पाजून दोन तासांनी रक्त घेतले. ते ठीक आले. डांग्या खोकल्याची लस सोळाव्या आठवड्यानंतर दिली. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या छातीच्या आजाराची, आरएसव्ही नावाची लस दिली. ती तिथे सप्टेंबर २०२४ पासूनच गरोदर बायांना सुरू झाली आहे. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे तिथे विचारले तर सांगतात. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने त्याला बंदी आहे आणि ती का आहे हे आपल्याला माहीत आहे. शेजारच्या एका बाईने मुद्दाम घरी येऊन विचारले, काय सांगितलं हो? ताईने उत्तर दिले, बाळ आहे म्हणून सांगितलं.

२०२५ च्या मे महिन्यात मुलगी झाली. ती आईबापांसारखीच वाहक आहे, रुग्ण नाही. हे सुईने आधी कळले की टाचेने नंतर, ते विचारू नका. तिचे निकालपत्र भाचीने फाइलमध्ये लावून ठेवले आहे. वयात आली की तिच्या हातात देणार म्हणते. ट्रंकेत नाही ठेवणार, मामा, असेही म्हणाली. आम्ही ऐकून घेतले. ती मुलगी रुग्ण निघाली असती तरी तिसऱ्या महिन्यापासून पेनिसिलीन, वेळेवर लसी आणि पुढे लागेल तशी औषधे देऊन तिला वाढवता आले असते, हेही त्या समुपदेशक बाईने त्यांना सांगितले होते. आमच्या भावाला यातले काहीच मिळाले नाही. गंडा मिळाला.

आता इथले. सिकलसेलसाठी देशाची मोठी मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झाली. तिचा रोख आदिवासी भागांवर आहे आणि ते योग्यच आहे, पण त्यामुळे शहरातल्या वस्त्यांत राहणाऱ्या आपल्या लोकांना कुणी घरी येऊन विचारील अशी वाट पाहत बसू नये. स्वतः जाऊन मागावे. आधी एक साधी विरघळण्याची चाचणी करतात, पण तिच्यावरून वाहक की रुग्ण हे ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी लागते, तिचा कागद घ्यायला विसरू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथे हा विषय काढावा. आणि मुलगी परदेशी निघाली असेल तर बॅगेत लोणचे-पापड भरण्याआधी तिचे रक्ताचे जुने कागद, लसींचे कागद, कधी रक्त चढवले असेल तर त्याची नोंद भरावी. तिकडे गेल्याबरोबर जवळच्या दवाखान्यात नाव घालायला सांगावे, दिवस गेल्यावर नव्हे.

आमच्या धाकट्या भाचीची, म्हणजे ताईच्या दुसऱ्या लेकीची, तपासणी झाली. ती वाहक निघाली. ताई आता आमच्याशी बोलते. गेल्या महिन्यात मुलीचा बायोडाटा छापायला द्यायचा होता. आम्ही जुना नमुना पुढे ठेवला. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, रक्तगट. पोरीने पेन घेतला आणि रक्तगटाच्या खाली स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली, सिकलसेल वाहक, मुलाची तपासणी झालेली असावी. ताई म्हणाली, ही ओळ वाचून कोण येईल बाई? पोरगी म्हणाली, वाचून येईल तोच येऊ दे.

भंडाऱ्याच्या एका घरी बायोडाटा गेला आहे. त्यांचा अजून फोन आलेला नाही. परवा मुलाच्या काकांनी फक्त एवढे विचारून घेतले की, ही तपासणी भंडाऱ्यात कुठे होते?